सायराकान-आपाची मूठ

१४ मे २०१३ रोजी सायराकान-आपाने ओशच्या वजन-माप तपासणी कार्यालयाच्या खिडकीत ६४० सोम भरले. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेले यंत्र काढून तिने फळीवर ठेवले आणि खिडकीतल्या तरुणाला सांगितले, "याची स्प्रिंग थकलीय. किती थकलीय, तेवढं मला सांग."

तरुणाने रुमाल सोडला. तळहातात मावेल एवढी पोलादी कडी, मधोमध घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर नव्वद किलोपर्यंतचे आकडे आणि दोन काटे. कडी मुठीत धरून आवळली की काळा काटा सरकतो आणि जाताना तांबड्या काट्याला पुढे ढकलत नेतो. मूठ सैल पडली की काळा माघारी येतो. तांबडा मात्र पोचला तिथेच थांबतो. माणूस हात झटकत निघून गेला तरी त्याची ताकद तबकडीवर राहते.

"आपा, हे माझ्यापेक्षा वयाने मोठं दिसतंय," तरुण म्हणाला.

"तुझ्या बापाचीही मूठ मोजली असेल त्याने. जपून धर."

"माझा बाप तालासचा. ओशला कधी आलाच नाही."

"मग त्याची राहिली. पाठव त्याला."

गुरुवारी या, असे सांगून त्याने पावती दिली. सायराकान-आपा घरी आली आणि दोन दिवस तिला काय करावे ते सुचेना. हात रिकामे राहिले की ती लागमानसाठी कणीक मळते. त्या दोन दिवसांत तिने एवढी मळली की शेजारच्या तिन्ही घरी शेवया पोचल्या.

सायराकान-आपा तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. तरुणपणी ती रेशीम कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे वजन, उंची आणि मुठीची ताकद घ्यायची, असा तिथला नियम होता. डॉक्टर बदलत गेले, मूठ मोजायचे काम मात्र सायराकानकडेच राहिले. ओशमधली अर्धी माणसे तिने अशी हातात हात घेऊन ओळखली होती. कोणाचा अंगठा मोडून जोडलेला आहे, कोण डावखुरा असून लाजेने उजवा हात पुढे करतो, कोणाला घरी पोटभर मिळत नाही, हे तिला तबकडीआधी कळायचे. पुढे कारखाना बंद पडला. दवाखान्यातले पलंग, पडदे, कपाटे ज्याला जे हवे ते त्याने नेले. हे यंत्र कोणालाच नको होते. सायराकानने ते खिशात घातले, आणि माणसांचे वजन करायचा काटा नवऱ्याच्या पाठीवर दिला. नवरा एर्गेशबाय बसचालक होता. "बाई, लोक घरी सोनं आणतात, तू स्वतःचं वजन आणलंस," असे म्हणत त्याने तो काटा घरी नेला. त्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण काटा जमिनीवर ठेवताना सायराकान अजून म्हणते, "हळू, एर्गेशबायची पाठ."

मग तिने आक-बूरा नदीकाठच्या बागेत, चायखान्याशेजारच्या चिनाराखाली एक टेबल मांडले. वजनाचे पाच सोम, मुठीचे दहा. टेबलाला टेकून एक पाटी. त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा आकडा आणि माणसाचे नाव तिच्यावर खडूने लिहायचे आणि संध्याकाळी पुसायचे. लष्करी तपासणीला निघालेले तरुण यायचे, साखरपुडा झालेल्या जोड्या यायच्या, बाजारात भांडण झालेले दोघे एकमेकांची गचांडी सोडून इथे यायचे आणि आकड्यावर मिटवून जायचे. प्रत्येकाला ती एकच सूचना द्यायची, "दात नको आवळूस, मूठ आवळ." ज्याचा आकडा मोठा त्याचा ती मोठ्याने सांगायची. ज्याचा लहान, त्याचा कानाशी वाकून सांगायची आणि वर म्हणायची, "जेवून ये, मग बघू."

दिवसाची पहिली मूठ मामायुनुस-अताची. हे पहिल्या दिवसापासून ठरून गेलेले होते. मामायुनुस म्हणजे त्या भागातला सर्वांत मानाचा म्हातारा, म्हणून सगळ्यांचा अता, बापासारखा. तरुणपणी कोकबोरू खेळायचा. घोड्यांच्या गर्दीत धूळ उठलेली असताना, धडधडत्या टापांमधून खाली झुकून बोकडाचे धूड एका हाताने उचलायचे आणि ते दहा हात ओढत असताना सोडायचे नाही, असा तो खेळ. मामायुनुसच्या मुठीतून धूड सुटलेले कोणी पाहिले नव्हते. तो सकाळी यायचा, डोक्यावरची कल्पाक टोपी सारखी करायचा, यंत्र दाबायचा, मग तळहात वर करून दिवसाला बाता, म्हणजे आशीर्वाद, द्यायचा. जमलेले सगळे चेहऱ्यावरून हात फिरवायचे आणि धंदा सुरू व्हायचा. त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्याचा आकडा पाटीवर लिहायचा. मग तो शेजारी चायखान्याच्या ओट्यावर बसायचा, तो दुपारच्या नमाजापर्यंत. पहिल्या वर्षी त्याचा आकडा सत्तावन्न होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत सगळेच आकडे हळूहळू खाली आले होते. आता पाटीवर अठ्ठावीसच्या वर काही चढत नव्हते. धट्टेकट्टे पुरुष पंचविसावर, सव्विसावर थांबत, मान हलवत आणि म्हणत, "आपा, स्प्रिंग गेली याची." एकाने म्हटले असते तर तिने मनावर घेतले नसते. पण सगळेच म्हणू लागले. एकदा नारिनचा एक ट्रकचालक वाट वाकडी करून आला, त्याने दाबले, तांबडा काटा एकसष्टवर. लोक एकमेकांकडे बघू लागले आणि मग कोणीतरी म्हणाले, "बघा, आता तर वाटेल ते दाखवायला लागलं." त्या ट्रकचालकाचा आकडा तिने पाटीवर लिहिला नाही. बिघडलेल्या यंत्राचा आकडा काय लिहायचा?

दहा सोम देऊन स्वतःला दुबळे ठरवून घ्यायला कोण येणार? गिऱ्हाईक कमी झाले. बागेचा ठेका घेतलेला नुरदोलोत एप्रिलच्या शेवटी आला, आदराने दोन्ही हातांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आपा, मला बोलायला जड जातंय. ठोसा मारायचं एक यंत्र बघून ठेवलंय. दिवे लागतात, गाणं वाजतं. ही जागा मला त्याला हवीय. तुमचं यंत्र बरोबर असल्याचा सरकारी कागद आणा आणि पुढच्या महिनाअखेर इथे चार माणसं उभी दाखवा, मी शब्द काढणार नाही."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर घरी बसा, नातवंडं सांभाळा. दगदग कशाला."

"माझी नातवंडं तुझ्याएवढी आहेत. त्यांनी मला सांभाळायचं वय झालंय."

नुरदोलोत हसला, पण शब्द त्याने मागे घेतला नाही. सायराकानला ती जागा पैशासाठी हवी होतीच. पण त्याहून जास्त, सकाळी उठून जायला ती एकच जागा तिला उरली होती.

गुरुवारी ती यंत्र आणायला गेली. तरुणाने रुमाल नीट घडी करून ठेवला होता. यंत्राच्या मागच्या बाजूला बारीकसा नवा ठसा होता.

"पन्नास किलो टांगले तर पन्नास दाखवतं," तो म्हणाला. "वीसला वीस, ऐंशीला ऐंशी. अर्ध्या किलोचाही फरक नाही."

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं, आपा. तुमच्या यंत्राला काही झालेलं नाही. माणसं तपासा."

सायराकानला खरे तर आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. स्प्रिंग बिघडली असती तर बदलता आली असती. बसमध्ये खिडकीशी बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघत होती. एका बाईने दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या धरल्या होत्या. एक माणूस पाठीवर दरवाजा बांधून चालला होता. ही माणसे दुबळी कशी म्हणायची?

शुक्रवारी सकाळी मामायुनुसने दाबले, अठ्ठावीस. बाता दिली. तिने पाटीवर लिहिले. मग कोचकोरबाय खाटीक आला. त्याचे दुकान बाजाराच्या तोंडाशी होते, आणि रोज दुकानाकडे जाताना एकदा मूठ दाबून जायचा त्याचा रिवाज होता. अर्धा बैल खांद्यावर घेऊन चालणारा माणूस. या वेळी सायराकानने तबकडीकडे पाहिले नाही. दवाखान्यात असताना पाहायची तसे तिने हाताकडे पाहिले. खरी मूठ आवळली की सांधे पांढरे पडतात, मनगटाच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर येतात. कोचकोरबायचे सांधे गुलाबीच होते. तो हातात अंडे धरल्यासारखे यंत्र धरून उभा होता आणि त्याचे डोळे काट्यावर होते. काटा पंचविसावर आला, सव्विसावर आला. तिथे त्याने हळूच हात सोडला आणि उसासा टाकला.

"स्प्रिंग गेली, आपा."

"कोचकोरबाय, इकडे ये." तिने त्याला चिनाराच्या मागे नेले. "खरं बोल. किती निघेल?"

"निघालं तेवढंच."

"मी तुझी मूठ तू लष्करात गेलास तेव्हा मोजलीय. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोजलीय. माझ्यापुढे उसासे टाकू नकोस."

खाटकाने चायखान्याच्या ओट्याकडे पाहिले. मामायुनुस बशीत चहा ओतत होता.

"अता तिथे बसलेत," तो म्हणाला.

"बसू देत. म्हणून?"

"म्हणून काय, आपा? त्यांनी अठ्ठावीस दाबले. पाटीवर लिहिलंय. मी त्यांच्यासमोर साठ दाबू? माझा बाप थडग्यातून उठून कान उपटेल."

"आणि बाकीचे?"

"सगळेच तसे. गेली दोन-तीन वर्षं. अतांचा आकडा खाली येतो, आम्ही त्याच्या एक पायरी खाली थांबतो. गेल्या वर्षी पस्तीस होता तेव्हा जरा बरं होतं."

"आणि माझी स्प्रिंग?"

कोचकोरबायने मान खाली घातली. "काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना. अतांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? स्प्रिंगला कसलं वाईट वाटतंय."

"माझे सहाशे चाळीस सोम गेले त्या स्प्रिंगपायी."

"मला विचारायचंत आधी," खाटीक म्हणाला, आणि घाईघाईने बाजाराकडे गेला.

सायराकान टेबलाशी येऊन बसली. तिला राग आला होता आणि हसूही येत होते. एका म्हाताऱ्याचा हात थकला, आणि त्याच्याबरोबर सगळी वस्ती हलक्या पावलांनी खाली उतरत गेली, कोणी कोणाला एक शब्द न सांगता. पण आता करायचे काय? पहिली मूठ दुसऱ्या कोणाला द्यावी तर मामायुनुसचा अपमान. शनिवारी तिने पाटीवर काही लिहिलेच नाही. मामायुनुसने दुरूनच ते हेरले.

"खडू संपला का गं?" त्याने ओट्यावरून विचारले.

"हात दुखतोय."

"हात दुखतो म्हणे. अक्षर वाईट आहे म्हण की. शाळेतही तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखंच होतं."

आणि तिथे तिला वाट सुचली.

मामायुनुस आणि ती एकाच गावचे, एकाच वर्षी जन्मलेले, एकाच वर्गातले. म्हणजे एकमेकांचे कुरदाश. वडीलधाऱ्यापुढे धाकट्याने तोंड उघडायचे नसते, पण कुरदाशला सगळे माफ. कुरदाश कल्पाक उडवून देईल, चहात मीठ टाकेल, चारचौघांत नाक कापेल. त्यावर रागवायचे नाही, उलट टोमणा मारायचा. त्या बागेत मामायुनुसला हरवायचा हक्क असलेले एकच माणूस होते, आणि इतक्या वर्षांत त्या माणसाने स्वतःची मूठ लोकांसमोर कधी दाबली नव्हती. मोजणाऱ्याने मोजून घ्यायचे नसते, असे ती समजून होती. पण घरी यंत्र पुसताना ती अधूनमधून दाबायची. आकडा तिला ठाऊक होता.

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. जागा वाचेल, पण मामायुनुसचे काय? हिवाळ्यात त्याच्या हातातून काठी पडली होती आणि तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिले होते, ते तिला आठवत होते.

रविवारी चिनाराखाली गर्दी होती. मामायुनुसने दाबले. अठ्ठावीस. बाता देण्यासाठी त्याने हात वर केले, तेवढ्यात सायराकान म्हणाली, "थांब. हात खाली कर. अठ्ठावीसवर बाता द्यायची लाज नाही वाटत?"

मामायुनुसने हात खाली आणले, पण त्याच्या मिशा हलल्या.

"आज मधमाशी चावली वाटतं तुला."

"एके काळी घोड्यावरून बोकड उचलायचास. आता कोंबडी तरी उचलतोस का?"

"कोंबडी उचलली की ओरडते. तू काय कमी ओरडतेस?"

कोणीतरी मागे खुदकन हसले.

"चल, मी दाबते," सायराकान म्हणाली. "जो हरेल त्याने मुठीचे दहा सोम टाकायचे. तुझ्याकडून मी आजपर्यंत एक सोमही घेतलेला नाही."

"दाब की. बायकांची मूठ भाकरी फुगवायला बरी."

तिने बाही वर सारली, यंत्र घेतले आणि श्वास सोडत आवळले. लागमानची कणीक, त्याआधी कारखान्यातले चादरींचे पिळे, त्याआधी गावातल्या गाईंच्या धारा, सगळे त्या मुठीत होते. तांबडा काटा सरकत गेला आणि थांबला. तिने यंत्र त्याच्यापुढे धरले.

मामायुनुसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकोणतीस.

"काटा हलतोय याचा," तो म्हणाला. "सगळे म्हणतात स्प्रिंग गेलीय."

"मागे बघ. सरकारी ठसा आहे. गुरुवारचा."

त्याने ठशावरून अंगठा फिरवला. मग त्याने एकेकाकडे पाहिले. कोचकोरबाय चपलांकडे बघत होता. त्याच्या शेजारचा लोहार चिनाराच्या शेंड्याकडे बघत होता. मामायुनुस हळूहळू बोलला, "म्हणजे स्प्रिंग चांगली आहे."

मग तो खाटकाकडे वळला.

"कोचकोरबाय."

"जी, अता."

"दाब."

"अता, माझा हात सकाळपासून..."

"तुझ्या बापाबरोबर मी जेवलोय. दाब म्हटलं ना."

खाटकाने सायराकानकडे पाहिले. ती म्हणाली, "दात नको आवळूस, मूठ आवळ." त्याने आवळली. सांधे पांढरे पडले, शिरा वर आल्या, काटा चौसष्टवर गेला. मामायुनुसने तो मोठा तांबडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात घोड्याचे खूर पाहतात तसा. मग त्याच हातावर बाता दिली. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि लोहाराने रांगेत पुढे घुसायचा प्रयत्न केला. दुपारी नुरदोलोत आला तेव्हा रांग चायखान्याच्या दारापर्यंत होती आणि पाटीवर लोहाराचे एकाहत्तर होते. तो दहा सोम देऊन स्वतःही दाबून गेला. त्याचा आकडा सायराकानने त्याच्या कानाशी वाकून सांगितला.

पण त्या दुपारी मामायुनुस नमाजाच्या बराच आधी उठून घरी गेला. सोमवारी तो आलाच नाही. सायराकानने टेबल मांडले, लोक आले, उभे राहिले, वजन करून गेले. यंत्राला कोणी हात लावला नाही. बाता झाली नव्हती. ओट्यावर त्याची नेहमीची जागा रिकामी होती आणि चायखानेवाला तिथे दुसऱ्या कोणाला बसू देत नव्हता. सायराकानने दिवसभरात तेच यंत्र चार वेळा पुसले. टेबलाची जागा वाचली होती, आणि आता तिच्याकडे बघवत नव्हते.

मंगळवारी सकाळी तो काठी टेकत आला. उजव्या हातात त्याने अर्सलानबोबचे दोन अक्रोड धरले होते आणि चालताचालता तो ते एकमेकांवर घासून दाबत होता. टेबलाशी येऊन तो स्टुलावर बसला, आणि दोघांनाच ऐकू जाईल असे बोलला.

"हिवाळ्यात काठी पडली होती हातातून. तू पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं."

"मला वाटायचं, हात गेला तरी आकडा अजून सगळ्यांच्या वर आहे. म्हणून यायचो." अक्रोड कुरकुरले. "काल बायको म्हणाली, पोरांनी तीन वर्षं तुमच्यासाठी हात आवरला, तुम्हाला आणखी कसला मान हवाय?"

"माझ्यावर रागावलास?"

"कुरदाशवर कोण रागावतं? तुझं अक्षर मात्र वाईट आहे."

तिने त्याच्यापुढे यंत्र सरकवले. त्याने ते बाजूला केले.

"आजपासून बाता मी आधी देणार आणि मूठ शेवटी दाबणार. सगळे दाबून गेले की. ते आपल्या दोघांतलं."

त्याने तळहात वर केले. कोचकोरबाय, लोहार आणि वाटेने चाललेली एक बाई थांबली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तो ओट्यावर जाऊन बसला आणि अक्रोड दाबू लागला.

ठोसा मारायचे यंत्र नुरदोलोतने बागेच्या दुसऱ्या दारापाशी लावले आहे. त्याचे गाणे चिनारापर्यंत ऐकू येते. दुपारी नमाजाला जाण्याआधी मामायुनुस टेबलाशी येतो आणि दाबतो. सायराकान आकडा पाटीवर लिहीत नाही, त्याच्या कानाशी वाकून सांगते. एकदा तो तिसावर गेला आणि दिवसभर कोणाला काही न सांगता हसत राहिला. पैजेचे विचारले की तो खिसे चाचपतो आणि सुटे नाहीत म्हणतो.

मामायुनुसकडून दहा सोम यायचे आहेत.